हातोडा, तांबं आणि पाच मिलिमीटर

पहिल्या दिवशी मी पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत दीडशेच्या आसपास फोटो काढले आणि त्यातल्या एकातही मठारकाम धड दिसत नव्हतं. कारागीर दिसत होते, त्यांच्या मांडीला टेकलेला घंगाळाचा काठ दिसत होता, मागे रचलेली पातेली, दारातून आत येणारा उजेड, सगळं छान होतं. पण ज्यासाठी गेलो होतो ते, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर ओळीने उमटत जाणारे हातोड्याचे ठसे, फोटोच्या मधोमध बोटभर जागेत दाटीवाटीने बसले होते. संगणकावर मोठं करून पाहिलं तर नुसती चमक.

दोष कारागिराचा नव्हता, उजेडाचाही नव्हता. माझी लेन्स एक मीटरच्या अलीकडे फोकसच करत नाही.

ही लेन्स म्हणजे ज्युपिटर-८, नाभीय अंतर ५० मिमी, एफ/२ (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त). माझे मामा भिलाईच्या पोलाद कारखान्यात होते. तिथल्या एका रशियन इंजिनियरने मायदेशी परतताना आपला झोर्की-४ कॅमेरा मामांना विकला, त्यावरची ही लेन्स. तिच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे ६२ आहेत, म्हणजे १९६२ सालची. पुढच्या कड्यावर लाल रंगात रशियन 'पे' अक्षर आहे, ते काचेवर कोटिंग असल्याची खूण. झोर्कीचा पडदा कधीचाच फाटला, पण काच शाबूत. दोन कड्या, त्यातली एक साधा ॲडॉप्टर, मध्ये घालून मी ती फुजीफिल्म एक्स-टी२० वर चढवतो.

'मग दुसरी लेन्स लावायची की' हा प्रश्न मला घरातही विचारला गेला. खरं आहे. कॅमेऱ्यासोबतची झूम लेन्स सहज ३० सेंटिमीटरवर फोकस करते. पण ती झूमच्या लांब टोकाला एफ/४ वर जाते आणि तांबट आळीतल्या त्या खोलीत दुपारी दोन वाजताही दिवा लावावा लागतो. शिवाय या जुन्या लेन्सचा एफ/२ वरचा किंचित विरघळलेला उजेड तांब्याला फार शोभतो. तिसरं कारण मामांचं, ते वादात टिकत नाही म्हणून सांगत नाही.

एक मीटरची भिंत कुठून आली

ज्युपिटर-८ ही मुळात त्साइस या जर्मन कंपनीची झोनार लेन्स. लुडविग बेर्टेले यांनी आखलेली ही रचना १९३२ साली कॉन्टॅक्स कॅमेऱ्याबरोबर आली: सहा काचा, तीन गट. महायुद्धानंतर जर्मनीतल्या येनामधली यंत्रं आणि काच सोव्हिएत संघात गेली आणि मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कमध्ये हीच रचना ज्युपिटर नावाने निघू लागली, लायकाच्या ३९ मिमी आट्यांवर बसणारी.

लायका काय, झोर्की काय, दोन्ही रेंजफाइंडर कॅमेरे. त्यांत आपण लेन्समधून पाहत नाही, वरच्या बाजूच्या वेगळ्या खिडकीतून पाहतो. वस्तू फार जवळ आली की खिडकीला दिसतं एक आणि लेन्सला दिसतं दुसरं. लेन्सच्या पाठीमागचं कडं कॅमेऱ्यातल्या एका दांडीला रेटून अंतर कळवतं, त्या दांडीलाही मर्यादा. म्हणून त्या काळच्या बनवणाऱ्यांनी एक मीटरवर अडसर घातला आणि विषय संपवला. लायका बनवणाऱ्या लाइत्सने जवळच्या कामासाठी 'नूकी' नावाचं वेगळं जोडकाम विकलं, त्यात लेन्स आणखी पुढे सरकवणारे आटे होते आणि खिडकीची दिशा सुधारणारी काचही. जपानी निक्कोर ५ सेंमी एफ/१.४ ने तर धीटपणे रेंजफाइंडरची साथ सोडून दीड फुटापर्यंत फिरायची मुभा दिली, अंदाज तुमचा.

यातून कळतं ते एवढंच की काचेला जवळचं दिसत नाही असं नाही. तिला पुढे सरकायला जागा ठेवलेली नाही. आज मी मिररलेस कॅमेऱ्यात थेट लेन्समधून पाहतो, त्यामुळे खिडकीची अडचण उरलेली नाही. उरला तो फक्त लोखंडी अडसर.

आधी वही, मग बाजार

माझी चूक अशी की मी आधी बाजारात पाहिलं आणि गणित नंतर मांडलं. उलटं केलं असतं तर दोन आठवडे आणि थोडे पैसे वाचले असते.

गणित शाळेतलंच आहे. लेन्स अनंतावर, म्हणजे अगदी दूरवर, फोकस असताना ती सेन्सरपासून जिथे असते, तिथून किती पुढे सरकली ते मोजायचं. त्या सरकण्याला नाभीय अंतराने भागलं की प्रतिमा वस्तूच्या किती पट येते ते मिळतं. ५० मिमीची लेन्स सेन्सरपासून १ मीटरवरच्या वस्तूवर फोकस करताना जेमतेम २.८ मिमी पुढे येते. म्हणजे प्रतिमा वस्तूच्या साधारण अठराव्या हिश्शाची. माझा सेन्सर २३.५ बाय १५.६ मिमीचा, तेव्हा चौकटीत मावणारा भाग सुमारे ४२ बाय २८ सेंटिमीटर. ए-३ कागदाएवढा. त्यात घंगाळाचा अर्धा काठ, दोन हात आणि हातोडा आले तर मठाराला जागा कुठून उरणार?

मला हवं होतं पोस्टकार्ड. म्हणजे चौकटीत १५ बाय १० सेंटिमीटरचा तुकडा: हातोड्याचं तोंड, त्याखालचे पाचसहा ठसे, जमलं तर धरणारी बोटं. त्यासाठी लेन्स एकूण ७.८ मिमी पुढे यायला हवी. त्यातले २.८ तिचे स्वतःचे, बाकीचे पाच मी आणायचे. सगळं प्रकरण या पाच मिलिमीटरचं.

फुकटचा उपाय

आट्यांच्या लेन्सची एक गंमत असते. ती बसवायचा पेचच मुळात पुढेमागे सरकवणारा आहे. लायका आटे इंचाला २६, म्हणजे लेन्स पूर्ण एक फेरी उलटी फिरवली की ती सुमारे ०.९८ मिमी पुढे येते. संगीत खुर्चीसारखं गोल फिरायचं आणि फुकटात जवळ जायचं!

करून पाहिलं. एक फेरी सोडली तर १ मीटरवरून ७७ सेंटिमीटर. दोन फेऱ्या सोडल्या तर ६३. चौकट शाळेच्या वहीच्या पानाएवढी झाली. एका कड्याचाही खर्च नाही, हे पाहून मी अर्धा तास खूश होतो.

मग दोन गोष्टी लक्षात आल्या. मुळात आटे चारपाच फेऱ्यांचे, त्यातल्या दोन सोडल्या की लेन्स सैल दातासारखी हलते आणि चौकटीची एक बाजू आधी फोकसमध्ये येते, दुसरी नंतर. दुसरं, साठ वर्षांचं ग्रीस घट्ट झालेलं. फोकसचं कडं फिरवावं तर कडं जागेवर राहतं आणि अख्खी लेन्सच फिरते, ती आणखी सैल होते. तिसऱ्या वेळी ती माझ्या तळहातात उतरली. खाली फरशी होती. घरी टेबलावर, खाली चादर घालून, एखाद्या फेरीपर्यंत हा उपाय चालतो. जिथे शेजारी हातोडा पडतो आहे तिथे नाही.

लेन्सचा अडसराचा स्क्रू काढून कडं एक मीटरच्या पुढे फिरवण्याचाही मार्ग आहे. मी तो केला नाही. आतले फोकसचे आटे एकाच वेळी अनेक जागी सुरू होणारे असतात, एकदा निखळले की चुकीच्या सुरुवातीवर बसतात आणि मग अनंत कुठे गेलं ते शोधत बसा. मामांच्या लेन्सवर हे शिकायची माझी तयारी नव्हती.

ट्यूब आणि चष्मा

एका मित्राकडून १० मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब आणली. पोकळ कडं, आत काच नाही, किंमत कमी, बिघडण्यासारखं काही नाही. चित्र सुरेख आलं, चौकट पार पत्त्याच्या पानाएवढी. पण ट्यूब लावली की लेन्सची सगळी हालचाल सेन्सरपासून ३१ ते ३६ सेंटिमीटरच्या पाच सेंटिमीटरांत कोंडली जाते. त्याच्या अलीकडे धूसर, पलीकडे धूसर. कारागिराने भांडं मांडीवरून उचलून दाराशी नेलं की मी ट्यूब काढा, लेन्स लावा, धूळ झटका यात. फोटो गेला.

आणि एक अडचण वहीत दिसली नव्हती. लेन्सपासून तांब्यापर्यंत अंतर उरतं पंचवीस-तीस सेंटिमीटर. हातोडा मागे जातो तो तेवढाच.

"अहो, जरा सरका मागे," ठोके मारणारे काका म्हणाले. त्यांनी हात थांबवला नव्हता. "हातोडा सटकला तर काच जायची तुमची. आणि काच गेली तर भरून कोण देणार?"

मी सरकलो. सरकल्यावर फोकस गेला.

क्लोज-अप फिल्टर म्हणजे लेन्सला लावलेला वाचायचा चष्मा. ज्युपिटर-८ च्या पुढच्या आट्यांचा व्यास ४०.५ मिमी, त्या मापाचा मिळेना म्हणून ५२ ची चढती कडी लावली. अधिक ३ नंबरचा चष्मा लावून लेन्स अनंतावर ठेवली की ३३ सेंटिमीटरवर फोकस होतो, उजेड अजिबात घटत नाही, आणि लावायला-काढायला पाच सेकंद. प्रवासात खिशात ठेवायला याच्यासारखं काही नाही. पण एकेरी काचेचा स्वस्त चष्मा एफ/२ वर या लेन्सला झेपत नाही. तांब्यावरच्या प्रत्येक चमकेला जांभळी किनार आली. एफ/५.६ वर ती बरीच आवरते, पण मग एफ/२ साठी ही लेन्स घेऊन आलो होतो त्याचं काय?

सरकणारी कडी

शेवटी घेतला तो हेलिकॉइड ॲडॉप्टर. आधीच्या साध्या ॲडॉप्टरच्या जागी बसणारा, पण स्वतःला आटे असलेला, फिरवला की लांब होणारा. लायका आट्यांच्या लेन्सवर आधी १ मिमी जाडीची कडी बसते, तिने ती नंतरच्या लायका एम माउंटची होते (माउंट म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स अडकवायची जागा). मग हा ॲडॉप्टर, मग कॅमेरा. आकड्यांत सांगायचं तर आट्यांच्या लायकाचं माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर २८.८ मिमी, एम चं २७.८, फुजी एक्सचं १७.७. उरलेली १०.१ मिमी जागा ॲडॉप्टरची. मिटलेला असताना तो साध्या ॲडॉप्टरसारखाच वागतो, लेन्स अनंतापर्यंत जाते. उघडला की वर पाच मिमी. बाजारात साधारण चार ते सहा मिमीपर्यंत सरकणारे मिळतात, माझा पाचचा.

लेन्स एक मीटरवर, ॲडॉप्टर पूर्ण उघडा: सेन्सरपासून सुमारे ४३ सेंटिमीटर, चौकट १५ बाय १०. पोस्टकार्ड. ॲडॉप्टर मिटला की समोर पूर्ण माणूस. मधे कुठेही खंड नाही, काही काढायचं-घालायचं नाही. लेन्सपासून तांब्यापर्यंत ३७ सेंटिमीटर राहतात, काकांचा हातोडा आणि माझी काच दोघांना पुरेशी जागा. खरं तर निकाल या ३७ सेंटिमीटरांनी लावला. ट्यूबचं चित्र जास्त मोठं येतं आणि मी फुलं किंवा नाणी टिपत असतो तर ट्यूबच घेतली असती.

दोन फोकस कडी झाली की कुठलं आधी फिरवायचं असा गोंधळ होतो. ज्युपिटरसारख्या लेन्समध्ये काचांचा अख्खा गट एकत्रच पुढे सरकतो, तेव्हा मिलिमीटर लेन्सच्या कड्याने दिला की ॲडॉप्टरच्या, काचेला फरक पडत नाही. मी लेन्स एक मीटरला टेकवून ठेवतो आणि ॲडॉप्टरने जुळवतो. शेवटचा केसभर फोकस कमरेतून पुढेमागे झुकून.

१ मिमीच्या कडीबद्दल एक कानगोष्ट. स्वस्त कड्या कधी १.१ मिमीच्या निघतात. ०.१ मिमी ऐकायला काहीच नाही, पण मग लेन्सवर अनंत लिहिलं असेल तिथे प्रत्यक्षात फोकस सुमारे २५ मीटरवर होतो आणि पर्वती कधीच स्पष्ट येत नाही. जवळच्या कामात कळतच नाही. झेनिट या जुन्या, आरशाच्या रशियन कॅमेऱ्याची ३९ मिमी आट्यांची लेन्स मात्र यावर लावू नका. आटे बहुधा चढतील, पण ती माउंटपासून फिल्मपर्यंत ४५.२ मिमी अंतर असलेल्या कॅमेऱ्यासाठी केलेली आहे, इथे ती सेन्सरच्या फार जवळ बसते. फोकस कशावरच होणार नाही आणि तुम्ही लेन्सला दोष द्याल.

पुन्हा तांबट आळी

दुसऱ्या खेपेला निघण्याआधी ॲडॉप्टरच्या आतल्या चकचकीत भिंतीला काळा मखमली कागद चिकटवला. जुन्या कोटिंगच्या लेन्सला असा आतला चकाकता पाइप दिला की दारातल्या उजेडाचा राखाडी पडदा चित्रभर पसरतो. शंभर रुपयांच्या आत सगळ्यात मोठा फरक याने पडला.

पहिला फोटो काढला आणि हसू आलं. मठारलेल्या तांब्याचा प्रत्येक ठसा म्हणजे एक छोटा आरसा. ३७ सेंटिमीटरवरून त्या प्रत्येक आरशात माझा निळा शर्ट. दूरवरून हे दिसलं नव्हतं. काळा शर्ट घालून पुन्हा यायला लागलं, तोवर पोत्याचा तुकडा गळ्यात अडकवला आणि समोरून बाजूला, दाराच्या दिशेला पाठ न करता तिरपा बसलो.

मग फोकस. झोनार रचनेची जुनी खोड अशी की एफ/२ वर फोकस करून ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, बंद करत गेलं की फोकसचं प्रतल मागे सरकतं. लांबवर ते खपून जातं, इथे नाही. म्हणून ज्या ॲपर्चरला फोटो काढायचा त्याच ॲपर्चरला फोकस करायचा. एफ/४ वर या अंतराला स्पष्ट दिसणारी खोली मिळते साडेसात मिमी, एफ/२ वर त्याच्या निम्मी. एफ/२ वर एक ठसा स्पष्ट, शेजारचा विरघळलेला. सुंदर, पण काम समजत नाही. बहुतेक फोटो एफ/४ वर काढले, आयएसओ ३२००, १/२५० सेकंद. लेन्स पुढे गेल्याने उजेड घटतो तो अर्ध्या स्टॉपहूनही कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), आणि कॅमेरा ते आपणच भरून काढतो.

वेगाने पडणाऱ्या हातोड्यावर साडेसात मिमीत फोकस कसा धरायचा याची मला धास्ती होती. पंधरा मिनिटं नुसता पाहत बसलो तेव्हा उत्तर सापडलं. हातोडा फिरत नाही, भांडं फिरतं. भांड्याच्या आत टेकवलेल्या लोखंडी दांड्याचं टोक हलत नाही आणि ठोका दर वेळी त्याच टोकावर पडतो. काका प्रत्येक ठोक्यागणिक भांडं अंगठ्याने जरासं सरकवतात, पुढची जागा टोकावर येते. म्हणजे हवेतला एकच बिंदू पकडायचा. त्या बिंदूवर फोकस केला, कोपर गुडघ्यावर रोवलं, दोन्ही कडी सोडून दिली आणि फक्त ठोक्याच्या तालावर बटण दाबत राहिलो. तालाला कान लागला की आवाजाच्या जरा आधी बोट दाबलं जातं. तासाभरात तीसएक फोटो असे आले की त्यात हातोड्याचं तोंड तांब्याला टेकलेलं आहे.

फजिती बाहेर पडल्यावर झाली. संध्याकाळी आळीतून परतताना रस्त्याचे फोटो काढले, लेन्सवरच्या आकड्यांनुसार अंतर ठेवून, न पाहता, कंबरेवरून. घरी आल्यावर सगळे मऊ. ॲडॉप्टर एक मिलिमीटर उघडा राहिला होता. तेवढ्याने लेन्सचं अनंत अडीच मीटरवर येऊन थांबतं. तेव्हापासून ॲडॉप्टरच्या मिटलेल्या जागेवर पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका आहे.

ज्यांच्याकडे एम४२, म्हणजे ४२ मिमी आट्यांची लेन्स आहे त्यांचं दुखणं सौम्य असतं. त्या एसएलआरच्या, आरशातून थेट पाहायच्या, म्हणून मुळातच जवळ येतात. हेलिओस-४४-२ अर्ध्या मीटरपर्यंत येते. शिवाय माउंट आणि सेन्सरमधली जागा मोठी असल्याने सरकता ॲडॉप्टरही ऐसपैस बनतो. जुन्या एक्स्टेन्शन ट्यूबचे संचही सापडतात, ७, १४ आणि २८ मिमीचे.

आठवड्याने काकांना फोटो दाखवायला गेलो. लॅपटॉपवर त्यांनी पोस्टकार्डाएवढे फोटो एकेक करून पाहिले. बोटांच्या फोटोपाशी काही बोलले नाहीत. हातोड्याच्या फोटोपाशी चष्मा वर केला, पडद्याजवळ आले आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"हा ठोका बघा. जरा खाली आलाय."

मला दिसेना. त्यांनी नखाने रेघ ओढून दाखवली, तेव्हा दिसला, अर्ध्या ठशाने घसरलेला.

"भांडं गेलं का?" मी विचारलं.

"नाही, आहे अजून." ते उठले, मागच्या रचलेल्या घंगाळांतून एक ओढून काढलं, दांड्यावर चढवलं आणि उजेडाकडे फिरवून ती ओळ शोधायला लागले. मी कॅमेरा काढेपर्यंत दोन ठोके पडून गेले होते.